बाकीचं तू बघ

ते चित्र पडद्यावर फार तर दहा सेकंद होतं. शुक्रवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात मेलबर्नहून आलेल्या पाहुण्यांचं व्याख्यान चाललं होतं. तेओ ग्योक लान नेहमीसारखी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, कारण साडेतीनला तिच्या पेशींना खायला घालायची वेळ व्हायची. व्याख्यानातलं बोलणं तिला निम्मंच कळे, पण चित्रं पुरी कळत. सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला चित्र समजावून सांगावं लागत नाही. पडद्यावर पेशींचा एक पुंजका आला. गोल, भरदार, मधोमध उंचावलेला, कड अशी की जणू कंपासने आखली असावी. ग्योक लानच्या मनात आलं, किती देखणा आहे हा. आणि तेवढ्यात पाहुणे म्हणाले की ज्याच्याकडे पाहून तुम्हाला 'किती देखणा' असं वाटतं, त्याच्यावरच आधी संशय घ्या. डिशमधला जो पुंजका सगळ्यांच्या पुढे धावतो तो बहुतेक वेळा बिघडलेला असतो. त्याच्या गुणसूत्रांत कुठेतरी एक जादा तुकडा घुसलेला असतो आणि त्याच्या जोरावरच तो धावतो. पुढच्या रांगांतले काही जण हसले. चित्र गेलं, दुसरं आलं. ग्योक लानला मात्र पुढचं काही दिसलं नाही. भर रस्त्यात मागून कुणी आपल्याला नावाने हाक मारावी आणि वळून बघायचा धीर होऊ नये, तशी ती बसून राहिली.

तिचं काम सांगायला सोपं होतं. शेजारणींना ती लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या अंतरात सांगून मोकळी होई. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या एका जोडप्याने आपला उरलेला एक गर्भ, पाच दिवसांचा, सुईच्या टोकावर मावेल एवढा, संस्थेला दिला होता. त्यातल्या पेशी नऊ वर्षांपूर्वी तिच्या डिशमध्ये आल्या आणि तेव्हापासून वाढत होत्या. अशा पेशींनी आपण पुढे काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं. हृदय, हाड, मेंदू, कुठल्याही वाटेला त्या जाऊ शकतात. आणि त्यांना कुठल्याच वाटेला जाऊ न देता नुसतं वाढवत ठेवणं, हीच सगळी कला. जोडप्याचं नाव तिला माहीत नव्हतं आणि कळायचं कारणही नव्हतं. कागदोपत्री एक लांबलचक क्रमांक होता, त्याच्या शेवटी सात होता, म्हणून सगळे त्या पेशींना 'सातवी' म्हणत, घरातल्या सातव्या मुलीला म्हणावं तसं. सातवीला रोज खायला लागे. तिला रविवार नाही, चिनी नववर्ष नाही, मलाय लोकांची ईद, हरी राया, तीही नाही. खाण्याचं गुलाबी पाणी वेळेवर बदललं नाही तर ते पिवळं पडे आणि पुंजक्याच्या मधल्या पेशी रुसल्यासारख्या भलत्याच वाटेला लागत. आठवड्यातून एकदा काचेची नळी ज्योतीवर ओढून तिची बारीक सुई करायची, त्या सुईने चांगले पुंजके कापायचे आणि त्यांचे तुकडे नव्या डिशमध्ये ठेवायचे. चांगले म्हणजे कुठले, ते कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेलं नव्हतं. ते ग्योक लानच्या डोळ्यात होतं. संस्थेचे प्रमुख डॉ. अरुळमणी पाहुण्यांशी तिची ओळख करून देताना म्हणत, "आमच्याकडे यंत्रं पुष्कळ आहेत. डोळा एकच आहे, आणि तो ह्या आंटींचा."

त्या डोळ्याने गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय केलं होतं, ते आता तिच्यापुढे एकेक करून उभं राहिलं. फेब्रुवारीत आई पडली. चौऱ्याऐंशी वर्षांची, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. वॉर्डात दुपारी बारापासून बसू देत. नेमकं तेव्हाच सातवीचा नवा साठा करायचं चाललं होतं. जुना साठा उंदराच्या पेशींच्या गादीवर वाढवलेला होता, म्हणून माणसाच्या अंगात घालायला चालत नव्हता. नवा साठा पहिल्यापासून सोवळ्यात वाढवलेला, माणसांच्या उपचारासाठीचा. सहा आठवडे वाढवायचं, मग बावन्न नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं. ग्योक लान पहाटेच्या पहिल्या बसने यायची, साडेसहाला सूक्ष्मदर्शकाशी बसायची, घ्यायच्या पुंजक्यांभोवती डिशच्या तळाला लाल पेनाने गोल काढायची आणि साडेअकराला पर्स उचलायची. कापायचं काम मस्तुरावर सोपवलं होतं. मस्तुरा शेजारच्या खोलीत दहा वर्षं काम करणारी, हाताची हलकी, पण पुंजके निवडायचं काम तिने कधी केलेलं नव्हतं. निघताना ग्योक लान दारातूनच तिला म्हणायची, "खुणा केल्यात गं. बाकीचं तू बघ."

आणि खुणा कशा केल्या होत्या? एरवी ती एकेका पुंजक्याशी चहा निवेपर्यंत बसे. त्या सहा आठवड्यांत तिचा डोळा घाईला आला होता, आणि घाईतल्या डोळ्याला जे ओरडतं तेच दिसतं. मोठे, भरदार, इतरांच्या पुढे गेलेले. बघितला की गोल, बघितला की गोल. पोटोंग पासिरला त्यांचं पत्र्याचं घर होतं तेव्हा आई मुगाला मोड आणून विकायची. पाच मुलं तिने त्या मोडांवर वाढवली. दर चार तासांनी बादल्यांवर पाणी शिंपडायचं काम ग्योक लानचं होतं. जे आधी फुगतं ते आधी विकतं, असं आई म्हणायची. तो धडा इतका आत गेला होता की त्याला धडाही म्हणवत नव्हतं. सहा आठवडे, सहा निवडी, दर वेळी धावणारेच पुढे. बिघडलेला एक पुंजका जरी पहिल्या आठवड्यात हाताखालून गेला असेल तर सहाव्या आठवड्यापर्यंत त्याने सगळं घर व्यापलं असणार. साठ्यातली एक नळी वितळवून, वाढवून, गुणसूत्रं मोजायला पाठवली होती. अहवाल सोमवारी यायचा होता.

शनिवारी तिने घर पुसलं, भात लावला, जेवली नाही. साठा बिघडलेला निघाला तर तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाईल आणि नवा करायला, परवानग्या-तपासण्या धरून, दोन वर्षं लागतील, हे तिला पाठ होतं. पण तिला दिसत होते ते बंदरात चाळीस वर्षं क्रेन चालवलेले एक आजोबा. ह्या पेशींतून करायच्या डोळ्यांच्या उपचाराच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव होतं आणि जानेवारीत ते बायकोचा हात धरून प्रयोगशाळा बघायला आले होते. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या. त्यामुळे ग्योक लानशी बोलताना ते तिच्या कानाकडे बघत होते. कानाकडे बघितलं की चेहरा थोडासा दिसतो, असं त्यांनी हसत सांगितलं. बायको म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्याकडे बघितलं नाही. आता बघायचंय म्हणतात." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, नजर पुरती जायला ह्यांच्याकडे वर्ष आहे, फार तर सव्वा वर्ष. आणि ग्योक लान त्या वर्षातल्या दुपारी आईच्या उशाशी बसून होती. आई एप्रिलच्या आरंभी गेली. नंतर लोक म्हणाले, तू शेवटपर्यंत जवळ होतीस, नशीबवान आहेस, आणि तिनेही तसंच मानलं होतं. आता तिला त्या दुपारी आठवाव्याशा वाटेनात. वॉर्डातल्या खिडकीचा उजेड, आईच्या हाताची थंड कातडी, काही मनात आलं की लगेच त्याच्या मागून ते आजोबा येत आणि तिच्या कानाकडे बघत उभे राहत. आपण एकीचा हात धरला आणि दुसऱ्याच कुणाचा तरी सुटला. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण सांगितलं तर समोरचा म्हणेल, आई होती ना गं. तेच तर तिला ऐकायचं नव्हतं.

रविवारी खायला घालायची पाळी मस्तुराची होती, तरी ग्योक लान सकाळी आठला प्रयोगशाळेत हजर झाली. मस्तुरा नुकतीच आली होती. तिच्या डब्यात बटाट्याचे एपोक-एपोक होते, करंजीसारखे मुडपलेले, आणि त्यांचा वास बाहेरच्या खोलीभर पसरला होता. मस्तुरा म्हणाली, "काक लान, आज माझी पाळी आहे. का माझ्यावर भरवसा नाही?" मोठ्या बहिणीला म्हणावं तसं ती तिला काक म्हणे. ग्योक लान म्हणाली, खायला मिळेल म्हणून आले. मग खाल्लं मात्र काहीच नाही. हातात एक एपोक-एपोक धरून ती बसली आणि तिने बोलायला सुरुवात केली. पाहुण्यांचं चित्र सांगितलं, धावणारे पुंजके सांगितले, सहा आठवड्यांची घाई सांगितली. उद्या अहवाल यायच्या आधी मी स्वतः डॉक्टरांना जाऊन सांगणार आहे, म्हणाली. कागदातून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. "जे जे पुढे धावत होतं त्याच्याभोवती मी गोल काढले, मस्तुरा. आणि तू बिचारी ते इमानाने कापत बसलीस."

मस्तुराने डब्याचं झाकण लावलं. मग परत उघडलं.

"काक लान, गोल काढले होते ते घ्यायचे होते?"

"मग काय?"

"ठेवायचे होते ते?"

ग्योक लानला प्रश्नच कळला नाही. तिने मान हलवली. मस्तुराचा चेहरा ओढणीच्या आत एकदम लहान झाला. ती खाली बघत, एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "मी ते खरवडून टाकले. दर वेळी. गोलातले सगळे. आणि बाकीचे पुढे घेतले. तुम्ही म्हणायचात ना, बाकीचं तू बघ."

ग्योक लानला आधी जो आला तो चक्क राग होता. सव्वीस वर्षांचा आपला डोळा, आणि ह्या पोरीने तो कचऱ्यात टाकला. सहा आठवडे. एकदा तरी विचारायचं नाही? मस्तुरा बोलतच होती. तिला पण नवल वाटलं होतं, इतके छान पुंजके काक लान का नापास करतायत म्हणून. एकदा विचारावंसं वाटलं होतं. पण तुम्ही पर्स घेऊन धावत जायचात, तुमची आई तिकडे, आणि वाटलं, काक लानला काहीतरी दिसत असेल जे आपल्याला दिसत नाही. शाळेत बाई लाल पेनाने गोल कशाभोवती काढतात? चुकलेल्या शब्दाभोवतीच ना. आमच्या गेलांगच्या शाळेत तर ज्या पानावर जास्त गोल, ते पान आईला दाखवायची चोरी.

ग्योक लान तिच्याकडे बघत राहिली. तिची शाळा चिनी. तिथे कुंचल्याने अक्षरं गिरवायची आणि लाल शाईची वाटी घेऊन गुरुजी फिरायचे. जे अक्षर साधलं असेल त्याच्याशेजारी गोल. वाईटाकडे ते बघतही नसत, वाईट अक्षराला त्यांच्या लेखी शाई नव्हती. एका पानावर तीन गोल मिळाले तर ती ते पान वाळायच्या आधीच हातात उंच धरून शेताच्या बांधावरून घरी पळत सुटायची. लाल गोल म्हणजे शाबासकी, ह्याहून दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यात आजतागायत आलंच नव्हतं. एका बेटावर, पाच मैलांच्या अंतरावर, दोन मुली दोन शाळांत बसल्या होत्या, एकीला गोल मिळाला की ती हसायची आणि दुसरीला मिळाला की रडायची. त्या दोघी मोठ्या होऊन एका डिशवर वाकल्या होत्या.

तिने उठून नोंदवही आणली. फेब्रुवारीचं पान काढलं. मस्तुराच्या गोलसर अक्षरात दर आठवड्याला तेच वाक्य होतं: 'खुणेचे पुंजके काढले.' आणि त्याच्याखाली दर सोमवारी ग्योक लानची सही. काढले म्हणजे निवडून काढले, असं वाचून तिने सही केली होती. काढले म्हणजे काढून टाकले, असं लिहिणारीला म्हणायचं होतं. सहा वाक्यं, सहा सह्या, आणि एकातही खोटं काही नाही. तिने ते वाक्य बोटाने दाखवलं. मस्तुराने वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुमचं सगळं काम उलटं केलं, काक लान."

"हो," ग्योक लान म्हणाली, "देवाच्या कृपेने." आणि तिला हसू फुटलं. ते घशातून न येता कुठून तरी पोटातून, गुडघ्यांतून आलं, आणि थांबवता येईना. मस्तुराला आधी वाटलं, बाई रडतायत. मग तीही हसायला लागली, डोळे पुसत, हळूच, आपल्याला हसायची परवानगी आहे ना असं तपासत. हातातला एपोक-एपोक ग्योक लानने कधी संपवला ते तिला कळलंच नाही. दुसरा घेतला तेव्हा लक्षात आलं. मंद वाढणारे, चारचौघांसारखे, कुणाच्या नजरेत न भरणारे पुंजके सहा आठवडे गुपचूप पुढे गेले होते. अर्थात त्यांच्यातही खोट असू शकते. हे तिनेच बोलून दाखवलं. पण शनिवारभर ती शिक्षेची वाट बघत होती. आता नुसती निकालाची. ह्या दोन्हींत किती अंतर असतं ते पोटाला आधी कळतं.

सोमवारी साडेआठला दोघी डॉ. अरुळमणींच्या खोलीत गेल्या. अहवाल त्यांच्याकडे आलेला होता, पण त्यांनी तो अजून उघडला नव्हता, आणि ग्योक लान म्हणाली, उघडू नका, आधी ऐका. तिने आपली घाई सांगितली, मस्तुराने आपला गोल सांगितला. शेवटी चष्मा काढून डॉक्टरांनी नाकाचं हाड चोळलं आणि विचारलं की हे दोघींना कधी कळलं. काल सकाळी, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि संगणकाकडे वळले. अहवाल उघडायला क्षणभर लागला असेल. गुणसूत्रांची चित्रं जोड्यांनी ओळीत उभी होती, छोट्या शाळेत मुलांना हात धरून उभं करतात तशी. डॉक्टरांनी पहिल्या जोडीवर बोट ठेवलं आणि ते मोजायला लागले, मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. खाली आकडा छापलेला होता तरी. ग्योक लान त्यांच्या बोटाबरोबर ओठ हलवत होती. बारावी जोडी, दोनच. सतरावी, दोनच. विसावी, दोनच.

"शेहेचाळीस," डॉक्टर म्हणाले. "तीस पेशी मोजल्यात, प्रत्येकीत शेहेचाळीस. जादा तुकडा नाही, कमी नाही." ते खुर्चीत मागे टेकले. "आमच्याकडे डोळा एकच आहे असं मी जगभर सांगत फिरलो. आता काय सांगू?"

"दोन आहेत म्हणा," मस्तुरा म्हणाली. "आणि एकमेकांचं ऐकत नाहीत म्हणा."

ते हसले, पण लगेच कामाला लागले. झालं ते सगळं जसंच्या तसं लिहून काढायचं, जुन्या नोंदीला हात लावायचा नाही, शेजारी खुलासा जोडायचा, आणि नियम पाहणाऱ्या समितीला आजच कळवायचं. समिती आणखी तपासण्या मागेल, त्या करू. साठा चांगला असेल तर तो खरं सांगूनही चांगलाच राहील, म्हणाले. आणि आजपासून लाल गोल बंद. घ्यायच्या पुंजक्याला काय, टाकायच्याला काय, ते शब्दांत लिहायचं. ग्योक लानने खुलासा आपल्या अक्षरात लिहिला. घाईचा उल्लेख केला, कारणाचा केला नाही. मग पेन थांबवून तोही केला. 'आई रुग्णालयात होती,' एवढंच. ते वाक्य कागदावर सरळ बसलं. त्याच्यात काही लपवायचं उरलं नव्हतं.

दुपारी साडेतीनला तिने गुलाबी पाण्याची बाटली कोमट व्हायला ठेवली. ह्याला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची शिरीषाची झाडं दिसत होती, ऊन पानांवर तापत होतं. ती स्टुलावर बसली, आणि तिने न बोलावता, मागून कुणीही न येता, वॉर्डातली एक दुपार तिच्याजवळ आली. दुसरा आठवडा असेल. आईने त्या दिवशी चार चमचे पेज खाल्ली होती. जड जिभेने, शब्द शोधत शोधत तिने विचारलं होतं की तू त्या इमारतीत इतकी वर्षं दिवसभर करतेस तरी काय. हे तिने पूर्वी कधीच विचारलं नव्हतं. ग्योक लान म्हणाली, पेशी असतात आई, अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या, त्या सांभाळते, त्यांना रोज खायला घालते. आई छताकडे बघत बराच वेळ विचार करत होती. ती झोपली असंच ग्योक लानला वाटलं.

मग आई म्हणाली, "आज जेवल्या का त्या?"

"जेवल्या."

"मग बस," आई म्हणाली, आणि चांगल्या पायाने रेटा देऊन, कण्हत, तिच्यासाठी पलंगावर थोडी जागा केली.